थ्रिलरमधला स्किझोफ्रेनिया: आजार की शेवटच्या रिळातला धक्का?

रातकिडा

रहस्यभेदाची सूचना आधीच देतो. खाली बऱ्याच सिनेमांचे शेवट उघडे पडणार आहेत. ज्यांना ते बघायचे आहेत त्यांनी इथूनच मागे फिरावं.

सायकॉलॉजिकल थ्रिलर हा माझा लाडका प्रकार, त्यामुळे तक्रारही त्याच्याबद्दलच. या सिनेमांत नायकाचा आजार बहुतेक वेळा प्रेक्षकापासून लपवून ठेवतात. दीड तास आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो, त्याच्याबरोबर पळतो, आणि शेवटी कोणीतरी डॉक्टर सांगतो की ती खोली रिकामी होती, तो मित्र नव्हताच. आपण 'आयला!' करून उठतो. पण निदान कळलं की सिनेमाचा त्या माणसातला रसच संपतो. औषध लागू पडलं का, नोकरी टिकली का, घरचे कुठवर पुरले, याच्याशी कोणाला काही देणंघेणं नसतं.

एकदा धक्का द्यायचा ठरला की बाकीच्या गफलती ओघानं येतात. 'अ ब्यूटिफुल माइंड' (२००१) घ्या. एरवी गणितज्ञ जॉन नॅश यांचा चरित्रपट, पण पूर्वार्ध सरळसरळ हेरपट आहे. खोलीतला मित्र, त्याची छोटी भाची, सरकारी गुप्तहेर, तिघं हाडामांसाची माणसं म्हणून वावरतात. खऱ्या जॉन नॅशना अशी माणसं दिसत नसत. त्यांना आवाज ऐकू यायचे आणि वर्तमानपत्रात आपल्यासाठी सांकेतिक संदेश आहेत असं वाटायचं. या आजारात आवाजांचे भास सर्वांत जास्त आढळतात. दिसण्याचे भास होतात, पण कमी. मग पटकथेत माणसं का आली? कारण पडद्यावर कोणी नसताना आवाज आला तर प्रेक्षक दुसऱ्या मिनिटाला ओळखतो. माणूस उभा केला तरच फसवता येतं. म्हणजे लक्षणं ठरली ती आजारावरून नाही, ट्विस्टच्या सोयीवरून.

याच्या अगदी उलट वाटेचे दोन सिनेमे. लॉज केरिगनचा 'क्लीन, शेवन' (१९९३) आणि जेफ निकोल्सचा 'टेक शेल्टर' (२०११). दोन्हींत नायकाचं काहीतरी बिनसलंय हे सुरुवातीलाच कळतं आणि तरीही जीव टांगणीला लागतो.

'टेक शेल्टर'मधला कर्टिस पस्तिशीचा आहे. त्याच्या आईला साधारण याच वयात स्किझोफ्रेनियाचं निदान झालेलं. त्याला वादळाची स्वप्नं पडायला लागतात. एका स्वप्नात घरचा कुत्रा हाताला चावतो आणि जाग आल्यावरही दिवसभर हात ठणकत राहतो. तो काय करतो? कुत्र्याला अंगणात कुंपण घालतो आणि लायब्ररीत जाऊन मानसिक आजारांवरचं पुस्तक आणतो. आपण घसरतोय हे त्याला दिसतंय, आणि तरी वादळाचं भय खरंच वाटतंय. एकाच डोक्यात दोन्ही. अशी पटकथा मी दुसरीकडे पाहिलेली नाही. कर्ज काढून तो अंगणात भुयारी निवारा खणतो, त्यापायी नोकरी जाते, नोकरीबरोबर आरोग्यविमा जातो, आणि त्या विम्यावर ऐकू न येणाऱ्या मुलीचं ऑपरेशन व्हायचं असतं. कोणी सुरा घेऊन मागे लागत नाही, तरी मी खुर्चीच्या कडेवर होतो.

तुम्हाला असे आणखी कोणते आठवतात? आणि माझं म्हणणं खोडायचं असेल तर जरूर खोडा.

मुसाफिर७

वाचनखूण साठवली आहे. सवडीनं लिहितो.

तिरकस

लेख आवडला, मुद्दा पटला नाही. सिनेमा हे वैद्यकीय पाठ्यपुस्तक नव्हे. बँक लुटण्याच्या सिनेमात तिजोरी खरंच तशी उघडते का, असं आपण विचारतो का? थ्रिलरचं काम फसवणं. 'शटर आयलंड' (२०१०) मी तीनदा पाहिला, तिसऱ्यांदा तर फक्त इतर पात्रांचे चेहरे बघायला. वॉर्डबॉय आणि पहारेकरी नायकाकडे कसे बघतात ते बघा, तो स्वतःच तिथला रुग्ण आहे हे आधीपासून डोळ्यांसमोर असतं. तो आनंद आजाराची माहिती अचूक नाही म्हणून सोडून द्यायचा?

मेघना_स

@तिरकस, तिजोरीला शेजारी नसतात हो. आजारी माणसाला असतात.

मी शुभंकर आहे, म्हणजे घरातल्या आजारी माणसाची काळजी घेणारी. माझ्या धाकट्या भावाला हा आजार आहे. निदान झाल्यावर मी एका मैत्रिणीला विश्वासानं सांगितलं. तिचा पहिला प्रश्न होता, 'रात्री दाराला कडी लावून झोपतेस ना?' ती वाईट मुलगी नाही. तिला हा आजार फक्त पडद्यावर भेटला होता, एवढंच.

आकडे हवे असतील तर आहेत. पॅट्रिशिया ओवेन यांनी १९९० ते २०१० या काळातले ४१ इंग्रजी सिनेमे तपासले, त्यांत स्किझोफ्रेनिया असलेली ४२ पात्रं होती. अभ्यास २०१२ साली 'सायकियाट्रिक सर्व्हिसेस'मध्ये आला. ८३ टक्के पात्रं स्वतःला किंवा दुसऱ्याला धोकादायक दाखवली होती, आणि हिंसक पात्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश खून करणारी. माझा भाऊ चिडला की अंघोळ करत नाही. त्याच्या हिंसेची मजल तिथपर्यंत.

'जोकर' (२०१९) बद्दलही एक अभ्यास आहे, न्यूझीलंडमधला, २०२० चा. काहींना 'जोकर' दाखवला, काहींना 'टर्मिनेटर: डार्क फेट'. मानसिक आजार असलेल्यांबद्दलचा पूर्वग्रह 'जोकर' पाहणाऱ्यांमध्ये वाढलेला आढळला. गंमत म्हणजे 'जोकर'मध्ये आजाराचं नावही घेतलेलं नाही. आणि त्याच सिनेमात सरकारी निधी कापला म्हणून नायकाचं समुपदेशन आणि औषधं बंद होतात, हा फार महत्त्वाचा धागा आहे. पण लोकांच्या लक्षात राहतो तो पिस्तुलाचा प्रसंग.

रातकिडा

मेघना, 'कडी'वर काय बोलणार? प्रतिसादाबद्दल मनापासून आभार.

तिरकस, 'शटर आयलंड' मलाही आवडतो. त्याला मी थोडे जास्त गुण देईन, कारण शेवटी धक्का बसल्यावर तो नायकाला वाऱ्यावर सोडत नाही. १९५४ चा काळ, क्लोरप्रोमाझिन हे भास-भ्रमांवरचं पहिलं औषध नुकतंच आलेलं, मेंदूवरची शस्त्रक्रिया अजून चालू. डॉक्टरांमधलं भांडण खरं आहे. आणि नायकाचं शेवटचं वाक्य त्याच्या आजाराबद्दल नसून त्याच्या निवडीबद्दल आहे.

ओपीडी_क्र_३

याच क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडं.

पहिलं. 'सायको' (१९६०), 'फाइट क्लब' (१९९९), 'स्प्लिट' (२०१६) यांत जे दाखवलंय ते स्किझोफ्रेनिया नाही. एका शरीरात दोन-तीन व्यक्ती हा वेगळा विकार आहे. हे इथे बहुतेकांना माहीत असेल, पण दवाखान्यात मला हे आठवड्याला सांगावं लागतं.

दुसरं. थ्रिलरमधला डॉक्टर अजूनही 'पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया' असं घोगऱ्या आवाजात म्हणतो. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत, ते उपप्रकार काढून टाकले. एकाच माणसात आज हे, उद्या ते असं दिसायचं, वर्गवारीचा उपयोग होत नव्हता.

तिसरं, मेघनाताईंच्या मुद्द्याला पुरवणी. धोका अजिबात वाढत नाही असंही म्हणू नये. थोडा वाढतो, विशेषतः उपचार सुरू होण्याआधीच्या काळात आणि दारू किंवा अमली पदार्थ जोडीला असतील तर. पण समाजातल्या एकूण हिंसेत या आजाराचा वाटा फार लहान आहे, आणि ही माणसं दुसऱ्यांच्या हिंसेला बळी पडण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. यावर थ्रिलर का निघत नाही कोणास ठाऊक. मसाला तर भरपूर आहे.

चौथं, जे पडद्यावर जवळजवळ येतच नाही. भास आणि भ्रम हा आजाराचा गाजावाजा करणारा भाग. दुसरा भाग मुकाट असतो. बोलणं आटतं, चेहरा हलत नाही, काही करावंसं वाटत नाही. औषधानं आवाज कमी होतात, हा भाग मात्र सहजी हटत नाही. घरचे त्याला आळस समजतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की तीनपैकी किमान एक माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. आता थ्रिलरमध्ये बरा झालेला एक तरी आठवून बघा.

साउंडबॉक्स

माझं पोट ध्वनिसंयोजनावर चालतं, त्यामुळे माझा कान वेगळीकडे जातो.

सिनेमात 'डोक्यातले आवाज' करायची एक ठरलेली कृती आहे. कुजबुज घ्या, दोन-तीन थर एकावर एक चढवा, भरपूर घुमवा, डावीकडून उजवीकडे फिरवा, खाली एक खर्जातली गुणगुण सोडा. झाला स्किझोफ्रेनिया. मीही केलंय, दिग्दर्शकानं मागितलं म्हणून. पण ज्यांना आवाज येतात त्यांची वर्णनं वाचली की कळतं, अनेकांना ते साध्या बोलण्यासारखे, बाहेरून येणारे वाटतात, पलीकडच्या खोलीत कोणीतरी बोलतंय असे. घुमवलेलं काहीच नाही. भीतीचं खरं कारण तेच असणार.

'क्लीन, शेवन' ऐकण्यासाठी तरी बघा. हेडफोन लावून. रेडिओची खरखर, विजेच्या तारांची गूं गूं, मध्येच तुटक बोलणं, आणि यातलं कुठलं बाहेरचं आणि कुठलं आतलं याची निशाणी कुठेच दिलेली नाही. कवटीत रिसीव्हर आणि नखात ट्रान्समीटर बसवलाय अशी त्या माणसाची खात्री आहे. नखाचा तो प्रसंग मी एकदाच पाहू शकलो.

थोडं अवांतर, पण 'हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस' (२०१७) या व्हिडिओ गेममध्ये हे काम सिनेमांपेक्षा सरस झालंय. केंब्रिजचे मानसोपचारतज्ज्ञ पॉल फ्लेचर आणि स्वतः आवाज ऐकलेली माणसं सल्लागार होती. आवाज दोन्ही कानांच्या हिशेबानं रेकॉर्ड केलेत, त्यामुळे मानेमागे कोणी उभं असल्यासारखं वाटतं. आणि ते सगळे दुष्ट नाहीत. काही धीर देतात, काही टोमणे मारतात, काही नुसतीच टिप्पणी करतात.

कवडसा

बरेच दिवस फक्त वाचत होते. या धाग्यावर लिहावंसं वाटलं, कारण इथे ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय त्यांतली मी एक.

माझे आवाज कधीच 'त्याला मार' म्हणाले नाहीत. ते माझ्याबद्दल आपसात बोलायचे. 'उठली बघ. आता चष्मा शोधेल. सापडणार नाही तिला.' दिवसभर हेच. इतकं कंटाळवाणं की त्यावर सिनेमा काढला तर तिकीट कोणी घेणार नाही. पण चष्मा शोधताना खरंच सापडला नाही की पोटात जो गोळा यायचा, त्यापुढे तुमचे हॉरर सिनेमे काहीच नाहीत.

दुसरी गोष्ट, पडद्यावर साक्षात्कार होतो. नायक आरशात बघतो, जुनी चित्रं भराभर सरकतात आणि त्याला सगळं उमगतं. माझ्या बाबतीत असा कुठला क्षण नव्हता. गोळ्या सुरू झाल्या, झोप वाढली, वजन वाढलं, आणि कधीतरी लक्षात आलं की आज दुपारपासून कोणी काही बोललेलं नाही. मग मी घाबरले. सवय झाली होती त्यांची. आणि आपलं चुकत होतं हे 'कळल्यावर'ही मधूनमधून वाटायचं की नाही, तेव्हाचंच खरं होतं. रातकिडा म्हणतात तसं एकाच डोक्यात दोन्ही.

'स्पायडर' (२००२) मध्ये राल्फ फाइन्स एकावर एक बरेच शर्ट घालून फिरतो आणि वहीत बारीक, कोणाला न वाचता येणाऱ्या अक्षरांत लिहीत राहतो. बोलणं जवळजवळ नाहीच, पुटपुटणं. तो बघताना पहिल्यांदा वाटलं की यानं कोणाला तरी नीट न्याहाळलंय.

अनाहूत

कवडसा, लिहीत राहा. _/\_

सगळ्यांनी एक माणूस बाजूलाच ठेवलाय. आई!

'सायको'त आई. 'ब्लॅक स्वान' (२०१०) मध्ये मुलीला बाहुलीसारखी जपणारी, तिची नखं कापणारी आई. 'जोकर'मध्ये आई. 'स्पायडर'मध्येही सगळा गुंता आईभोवतीच. मनोविकाराचा थ्रिलर म्हटलं की घरात एक गुदमरवणारी बाई हवीच. हे आकाशातून पडलेलं नाही. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी असं मांडलं की थंड आणि तरीही वर्चस्व गाजवणाऱ्या आईमुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो. पुढे कित्येक वर्षं डॉक्टर आयांकडे त्याच नजरेनं बघत. त्या कल्पनेला पुराव्याचा आधार मिळाला नाही. आनुवंशिकता, मेंदूची जडणघडण, जन्माच्या आसपासची गुंतागुंत, पौगंडावस्थेतलं गांजाचं सेवन असे अनेक धागे पुढे आले. वैद्यकशास्त्रानं आईला सोडलं, पटकथालेखकांनी नाही सोडलं.

खरी आई काय करते हे मेघनाला विचारा. पहाटे उठून गोळी गिळली की जिभेखाली लपवली ते बघते. दाखवा ना ते. त्यातही तणाव आहे.

'टेक शेल्टर'ला म्हणूनही माझा सलाम. तिथे आई स्वतः रुग्ण आहे. कर्टिस तिला भेटायला जातो आणि विचारतो, तुला हे सुरू झालं तेव्हा नेमकं काय झालं होतं? तो तिच्याकडे अनुभवी माणूस म्हणून जातो. आरोप नाही, कीव नाही.

मेघना_स

अनाहूत, अनुमोदन. जिभेखालचं तंतोतंत. आमच्याकडे कुंडीत सापडायच्या.

तिरकस

आता इतक्या जणांनी मिळून मला कोपऱ्यात घेतलंय तर दोन मुद्दे मांडूनच जातो.

एक, तुमचे आदर्श सिनेमेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. 'स्पायडर'मध्ये शेवटी काय निघतं? आईचा जीव मुलानंच घेतला होता. म्हणजे हिंसा आहे, ट्विस्टही आहे. 'क्लीन, शेवन'मध्ये एका मुलीचा खून झालाय आणि आपण पूर्णवेळ नायकावर संशय घेतो. मग फरक कुठे राहिला?

दोन, 'अ ब्यूटिफुल माइंड'वर एक टीका नेहमी होते की नॅश नुसत्या तर्कानं भ्रमावर मात करतो, असं कुठे असतं का? ती छोटी भाची कधी मोठीच होत नाही, म्हणजे ती खरी नाही, असं त्याला सुचतं. फिल्मी आहे, मान्य. पण खऱ्या नॅशनी नोबेलच्या वेळच्या आत्मकथनात लिहिलंय की भ्रमातून आलेले काही विचार ते हळूहळू बुद्धीनं नाकारायला लागले. मग सिनेमा तिथे खोटा नाही. उलट खोटं आहे ते नवी औषधं घेतो म्हणणारं वाक्य. नॅशनी १९७० नंतर औषधं घेतलीच नव्हती. बघणाऱ्यांनी गोळ्या सोडू नयेत म्हणून ते घातलं असणार. म्हणजे अचूकता सोडली ती समाजहितासाठी! त्याबद्दल तुमची तक्रार आहे की नाही?

ओपीडी_क्र_३

नाही. त्या एका खोट्यासाठी मी त्या लेखकाला चहा पाजेन. नॅश यांच्यासारखं वयानुसार सुधारणारे असतात, पण कोण सुधारेल हे आधी सांगता येत नाही, आणि औषध सोडल्यावर आजार उलटण्याचं प्रमाण मोठं आहे.

रातकिडा

'स्पायडर'बद्दलचा मुद्दा बिनचूक आहे, ते मान्य करायलाच हवं.

'क्लीन, शेवन'चं मात्र वेगळं आहे. तिथे संशय आपण घेतो. दिग्दर्शक पुरावा देत नाही, फक्त विचित्र वागणारा माणूस दाखवतो आणि जवळच एक खून ठेवतो. जोडणी आपण करतो, त्या डिटेक्टिव्हनंही तीच केलेली असते. शेवटी तो डिटेक्टिव्ह त्याला गोळी घालतो, आणि खुनाचा पुरावा तेव्हाही हाती नसतो. नायक आपल्या मुलीला भेटायला आला होता, एवढंच ठाम माहीत असतं. म्हणजे 'कडी लावून झोपतेस ना' हा प्रश्न सिनेमानं ऐंशी मिनिटांत प्रेक्षकाकडून वदवून घेतला.

गारवा

हिंदीतलं कोणीच काढलं नाही? 'कार्तिक कॉलिंग कार्तिक' (२०१०): फोन करणारा तोच, घेणारा तोच, आणि नाव स्किझोफ्रेनिया. ओपीडींचा पहिला मुद्दा तिथे लागू.

'जजमेंटल है क्या' (२०१९) मला मात्र बरा वाटला. मूळ नाव 'मेंटल है क्या', मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं हरकत घेतल्यावर बदललं. नायिका बॉबीला सायकोसिस आहे, म्हणजे भास-भ्रम होतात, हे पहिल्यापासून माहीत असतं. खून होतो, ती एकाचं नाव घेते, आणि आजारी आहे म्हणून कोणी तिचं ऐकत नाही. खुनी निघतो तो नीटनेटका, हसतमुख, सगळ्यांना आवडणारा माणूस. उत्तरार्ध भरकटतो, रंगांचा मारा जास्त आहे, पण उलटा डाव टाकलाय हे नक्की.

थ्रिलर सोडून बघायचे असतील तर 'देवराई' (२००४) आणि '१५ पार्क अव्हेन्यू' (२००५). दोन्हींत बहीण आहे सांभाळणारी. मेघना, बघितले नसतील तर सावकाश बघा, एका बैठकीत नको.

तिरकस

काल 'टेक शेल्टर' बघितला. धागाकर्त्याला दोन तास आणि झोप उडवल्याबद्दल बिल पाठवतो.

पण मला एक सांगा. शेवटी समुद्रकिनाऱ्यावर वादळ येतं आणि ते बायकोलाही दिसतं. तेलकट पाऊस तिच्या हातावर पडतो. म्हणजे तो बरोबर होता! स्वप्नं खरी होती! हा ट्विस्ट नव्हे तर काय? इतका वेळ सांभाळून आणलं आणि शेवटी दिग्दर्शकाला मोह आवरला नाही.

रातकिडा

मी ते तसं वाचत नाही. किनाऱ्यावर येण्याआधी डॉक्टर त्याला उपचारासाठी दाखल व्हायला सांगतात. आजार नाकारलेला नाहीच. शेवटी ती त्याच्याकडे बघून मान हलवते, आता हे दोघांचं आहे. वादळ खरं की खोटं हा प्रश्नच उरत नाही माझ्यासाठी.

कवडसा

मला तो शेवट नाही पटला, तिरकस यांच्याशी सहमत. आजारी माणूस शेवटी द्रष्टा ठरला की तो चांगला, हा हिशेबही मला जाचतो. बॉबीचंही तेच. खुनी नको तर भविष्यवेत्ती व्हा! माझं कुठलंही भाकीत खरं ठरलेलं नाही आणि ठरायची गरजही नाही.

माझ्या मते सिनेमा त्याआधीच पुरा होतो. निवाऱ्यात तिघं बसलेत, वादळ सरलंय, आणि त्याला दार उघडवत नाही. तो तिलाच उघडायला सांगतो तर ती म्हणते की मी उघडू शकते, पण मग काहीच बदलणार नाही, तुलाच उघडायला हवं. ती चिडत नाही, समजूतही घालत नाही, थांबते. माझ्या घरी असं थांबायला शिकायला सगळ्यांना फार वेळ लागला. तो प्रसंग लिहिणाऱ्याला बाकीचं सगळं माफ.

तिरकस

'खुनी नको तर भविष्यवेत्ती' हे वाक्य चोरतोय, आधीच सांगून ठेवतो.

रातकिडा, दोघांचं म्हणता, मग तेलाचे थेंब कशाला दाखवले? कर्टिसच्या पहिल्या स्वप्नात तोच पाऊस होता. तो पाऊस नुसता 'आता हे दोघांचं आहे' सांगायला आणला असेल तर दिग्दर्शकानं फार महागडी खूण वापरली. आज रात्री पुन्हा लावतोय, फक्त बायकोचा चेहरा बघायला. उद्या भांडू.